परदेशी विद्यापीठांची फुकट व्याख्यानं: मुलीला ऐकू द्यावीत का?

नमस्कार ताई,

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मी बँकेत आहे, मिस्टर खासगी कंपनीत. मुलगी अकरावी सायन्सला, महाराष्ट्र बोर्डात. आतापर्यंत इंजिनिअरिंगचंच ठरलेलं होतं, जेईई आणि सीईटीचा क्लासही लावलाय. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीने तिला परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन व्याख्यानांची लिंक पाठवली. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी असतात, पैसे लागत नाहीत. तेव्हापासून आठवड्याला तीन-चार तरी ऐकते. कधी मानसशास्त्र, कधी एआय, कधी कायदा. त्यातलं ज्वालामुखींवरचं एक ऐकलं आणि आता म्हणते, मला भूशास्त्र शिकायचंय, तेही इंग्लंडला जाऊन. रात्री साडेअकरा-बारापर्यंत जागते, सकाळी क्लासला पेंगते. प्रत्येक व्याख्यानाचं सर्टिफिकेट प्रिंट काढून फाइलला लावते, ॲडमिशनला उपयोगी पडेल म्हणते. मिस्टरांचं म्हणणं, फुकट आहे म्हणजे जाहिरात आहे, बंद कर. कुठेतरी माझा नंबर दिल्यापासून एका कन्सल्टंटचे रोज फोन येतात. ‘प्रोफाइल बिल्डिंग’चं पॅकेज घ्या, पन्नास हजार भरा म्हणतात. या व्याख्यानांचा खरंच उपयोग आहे का? एका व्याख्यानावरून विषय ठरवू द्यायचा का? पैशांबद्दल तर तिच्याशी अजून काहीच बोललो नाही.

— एक आई, मुलुंड

प्रिय ताई,

व्याख्यानं बंद करू नका. मात्र आठवड्याला तीन-चार फार झाली. पंधरवड्याला एक पुरे, आणि ते ऐकून झाल्यावर ती काय करते याकडे तुमचं लक्ष असू द्या. व्याख्यान ऐकून मूल भारावतं, ते चांगलंच आहे. पण भारावल्यानंतरच्या रविवारी ते त्याच विषयाचं पुस्तक उघडतं की पुढच्या व्याख्यानाची लिंक शोधतं, यावरून आपल्याला पुष्कळ कळतं.

आधी तुमच्या मिस्टरांच्या शंकेबद्दल, कारण तिच्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये तिथल्याच मुलांकडून किती फी घ्यायची याला सरकारने मर्यादा घातलेली आहे. बाहेरून येणाऱ्या मुलांच्या फीला अशी मर्यादा नाही. त्यामुळे परदेशी विद्यार्थी हा तिथल्या विद्यापीठांच्या उत्पन्नाचा मोठा भाग झालाय. मुंबईतल्या अकरावीच्या मुलीसाठी रात्री साडेदहाला एखादा प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर बसतो त्यामागे हे कारणही आहे. जाहिरात आहे म्हणणं चूक नाही.

पण ती नुसती जाहिरात नाही. ज्या घरांत आजवर कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नाही, अशा घरांतल्या मुलांना आत काय चालतं ते दिसावं म्हणून ब्रिटनमधली विद्यापीठं आसपासच्या शाळांसाठीही अशी व्याख्यानं ठेवतात. आणि फुकट व्याख्यान संशयास्पदच असतं, असं निदान आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पार्ल्याच्या टिळक मंदिरात किती पिढ्या व्याख्यानं ऐकत मोठ्या झाल्या! लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी विनामूल्य व्याख्यानं ठेवतंय. ते पदवी देत नाही आणि कुणाला प्रवेशही देत नाही, त्यामुळे ते काही विकत असण्याचा प्रश्नच येत नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनची मुलांसाठीची नाताळ व्याख्यानं मायकेल फॅरेडेंच्या पुढाकाराने १८२५ मध्ये सुरू झाली. या दोन्ही ठिकाणची पुष्कळ व्याख्यानं घरबसल्या बघता येतात. हे मिस्टरांना जरूर सांगा, आणि त्यातलं एखादं त्यांनी मुलीबरोबर बसून ऐकलं तर फार बरं होईल. बंद कर म्हणणारे बाबा आणि दार लावून ऐकणारी मुलगी, अशी घरात दोन टोकं झाली की विषय बाजूला पडतो आणि हट्ट तेवढा उरतो.

आता व्याख्यानातून काय कळतं आणि काय नाही, ते सांगते.

प्रवेशेच्छू मुलांसाठीचं व्याख्यान म्हणजे हापूसच्या पेटीतला वरचा थर. आंबे खरेच असतात, पण निवडून वर ठेवलेले असतात. विद्यापीठ आपला सगळ्यात रंगवून बोलणारा प्राध्यापक पाठवतं, तो आपला सगळ्यात चित्तवेधक विषय काढतो आणि पाऊण तासात संपवतो. तुमच्या मुलीने ज्वालामुखी पाहिले. लाव्हा, राख, हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं. कुणालाही भुरळ पडेल.

प्रत्यक्षात भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मुलं काय करतात? खनिजं ओळखायला शिकतात. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघतात. थर कोणत्या दिशेला कललेत आणि किती अंशांनी, ते कंपासने मोजून नकाशावर उतरवतात. भरपूर रसायनशास्त्र, बऱ्यापैकी गणित. आणि क्षेत्रकार्य, म्हणजे ब्रिटनच्या पावसात, वाऱ्यात, डोंगरउतारावर दिवसभर उभं राहून वहीत नोंदी करणं. ज्याला हे आवडतं त्याला यापेक्षा सुंदर शिक्षण दुसरं वाटत नाही. ज्याला फक्त ज्वालामुखी आवडतात त्याला दुसऱ्या महिन्यात घरची आठवण येऊ लागते.

इंग्लंडच्या बाबतीत हे विशेष जपायला हवं, कारण तिथे अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो आणि पहिल्या दिवसापासून तोच शिकायचा असतो. मध्येच बदलणं सोपं नसतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन वर्षं निरनिराळे विषय घेऊन मग मुख्य विषय निवडता येतो. स्कॉटलंडची पदवी चार वर्षांची, तिथेही पहिल्या वर्षी थोडी मोकळीक असते. सतराव्या वर्षी एकच विषय पक्का सांगता येईल की नाही, हा प्रश्न देश निवडण्याच्या आधीचा आहे. तुमची मुलगी तीन महिन्यांत मानसशास्त्र, एआय, कायदा आणि भूशास्त्र एवढं फिरून आली. या वयात ते योग्यच आहे. पण तिला हे सांगा की इंग्लंडचा अर्ज हे फिरणं थांबवून मागतो.

मग विषय खरंच आपला आहे का, हे कसं तपासायचं? माझं मत ठाम आहे: त्या विषयातला कंटाळवाणा भाग मुद्दाम करून बघायचा. यालाही पैसे लागत नाहीत. अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांना खुलं करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. त्यांच्या ओपनकोर्सवेअरमध्ये ‘भूशास्त्राची ओळख’ असा पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम आहे, क्रमांक १२.००१. त्यात नुसत्या टिपणांवर न थांबता गृहपाठाकडे जायचं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न हे संकेतस्थळ २००६ पासून चालू आहे, तिथे पृथ्वीविज्ञानाचे छोटे मोफत अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससीने मिळून चालवलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरही भूशास्त्राचे कोर्स आहेत. ते थोडे जड आहेत, पण एखादं व्याख्यान ऐकून बघायला हरकत नाही. शिवाय ज्या विद्यापीठाचं व्याख्यान तिला आवडलं त्याच्या संकेतस्थळावर पहिल्या वर्षाच्या विषयांची यादी दिलेली असते. ती प्रिंट काढून तिच्या हातात द्या आणि प्रत्येक विषयापुढे ‘हे काय असतं’ ते तिच्या शब्दांत एका ओळीत लिहायला सांगा. हे करताना तिचे डोळे चमकतात की ती जांभया देते, तुम्हाला दिसेलच.

परीक्षेच्या धामधुमीत हे नको. अकरावीची वार्षिक परीक्षा झाली की महिना-दीड महिना रविवार सकाळ यासाठी ठेवा.

आणि ताई, भूशास्त्राचं वेड लागलेल्या मुलीसाठी मुंबईसारखी जागा नाही, हे तिला कुणी सांगितलंय का? आपण ज्यावर राहतो तो सगळा दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून वाहिलेला लाव्हाच आहे. तिला ज्वालामुखी इंग्लंडच्या प्राध्यापकाने दाखवला, पण त्याचा दगड तिच्या पायाखाली आहे. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल बघायला न्या. बेसॉल्टच्या, म्हणजे त्याच काळ्या पाषाणाच्या, उभ्या खांबांचा साठेक मीटर उंचीचा कडा, वर गावदेवीचं देऊळ आणि चारी बाजूंनी इमारती. असे बेसॉल्टचे उभे खांब बघायला जगभर लोक प्रवास करून जातात, आपल्याला लोकलचं तिकीट पुरतं. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत आणि रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन १८४७ मध्येच करून ठेवलंय. कान्हेरीला लेणी बघायला तर आपण सगळेच जातो, ती कशात खोदली आहेत ते एकदा तिला बघू दे.

हे केवळ मुंबईचं कौतुक म्हणून सांगत नाही. डायनासोर नाहीसे झाले ते अशनी आदळल्यामुळे की दख्खनच्या लाव्हामुळे, हा वाद अजून चालू आहे. त्यासाठी परदेशातले शास्त्रज्ञ आपल्या सह्याद्रीच्या घाटांतून दगडांचे नमुने घेऊन जातात. २०१९ मध्ये प्रिन्स्टन आणि बर्कलीच्या दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी या लाव्हाचं वय काढलं, दोन्ही निबंध ‘सायन्स’मध्ये एकाच वेळी छापून आले, आणि लाव्हाचा मोठा भाग अशनी आदळण्याआधी बाहेर आला की नंतर, यावर दोघांचं एकमत झालं नाही. अकरावीच्या मुलीने हा वाद स्वतः वाचून समजून घेतला, त्यातलं काय पटलं आणि काय नाही ते मांडून बघितलं, तर ती वीस व्याख्यानांच्या पुढे गेली असं मी समजेन.

माणसांशीही बोलू द्या. सेंट झेवियर्स कॉलेजात भूशास्त्राचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत अर्थ सायन्सेसचा, म्हणजे पृथ्वीविज्ञानाचा, विभाग आहे. रीतसर ईमेल करून, वेळ मागून, बीएस्सी किंवा एमएस्सी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला भेटता येतं का ते बघावं. शिकणाऱ्या मुली फार मोकळेपणाने सांगतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा लोकांसाठीचा विज्ञानकार्यक्रम २००९ पासून चालू आहे. तिथे शास्त्रज्ञाला समोरासमोर प्रश्न विचारता येतो. पडद्यासमोर बसून चॅटमध्ये प्रश्न टाइप करणं आणि शंभर माणसांत उभं राहून विचारणं, यात फरक आहे, आणि परदेशात शिकायचं तर या दुसऱ्या प्रकाराचीच सवय हवी.

सर्टिफिकेटांच्या फाइलबद्दल. हे तिला हळुवारपणे सांगावं लागेल, कारण तिने ती प्रेमाने जमवली आहेत. व्याख्यानाला हजर राहिल्याच्या प्रमाणपत्राला प्रवेशाच्या वेळी जवळजवळ काही वजन नसतं. लिंक उघडून कॅमेरा बंद ठेवला तरी ते मिळतं, हे प्रवेश देणाऱ्यांना ठाऊक असतं. ब्रिटनमध्ये जवळजवळ सगळ्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज यूकॅस या एकाच यंत्रणेतून जातात, जास्तीत जास्त पाच पसंती देता येतात. २०२६ च्या प्रवेशांपासून त्यातलं विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहायचं निवेदन तीन प्रश्नांत विभागलंय: हा विषय का शिकायचाय, आतापर्यंतच्या अभ्यासाने त्यासाठी तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत ज्याचा उपयोग होईल. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, त्यात मोकळ्या जागाही आल्या. एवढ्याशा जागेत ‘मी अमुक इतकी व्याख्यानं ऐकली’ हे वाक्य वाया जातं. ‘अमुक व्याख्यानात हे ऐकलं, ते पटलं नाही म्हणून हा निबंध वाचला, मग गिल्बर्ट हिलला जाऊन हे बघितलं’ अशी तीन वाक्यं मात्र वाचणाऱ्याला थांबवतात.

म्हणून फाइल टाकून देऊ नका, पण एक साधी वही करा. प्रत्येक व्याख्यानानंतर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अर्धं पान: कोण बोललं, नवीन काय कळलं, काय कळलंच नाही, पुढे काय वाचणार. बारावीच्या सप्टेंबरात निवेदन लिहायला बसेल तेव्हा ही वही तिच्या कामी येईल. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विचार असेल तर अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला संपते, इतरांची बहुतेक जानेवारीत. दोन्ही तारखा आपल्या बारावीच्या परीक्षेआधी येतात. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची इथेच धांदल उडते, कारण तोवर घरात सगळे बोर्डाकडेच डोळे लावून बसलेले असतात. आणखी एक. बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळं पान असतं. त्यात राज्य मंडळाच्या गुणांची अट कधी सीबीएसईपेक्षा वेगळी दिलेली असते, गणित किंवा रसायनशास्त्रात किती हवेत तेही असतं. ते पान आत्ताच वाचून ठेवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची मात्र घाई नको, त्याचे गुण दोनच वर्षं चालतात.

जागरणाचं उत्तर सोपं आहे. इंग्लंडमधले संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि मार्चअखेरीस त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेनऊ. बहुतेक व्याख्यानांचं रेकॉर्डिंग नंतर मिळतं. प्रश्न विचारायचा असेल तरच थेट बसावं, नाहीतर शनिवारी दुपारी ऐकावं. क्लासला पेंगून भौतिकशास्त्र बुडवणं परवडणार नाही, कारण भूशास्त्रालाही तेच लागणार आहे. जेईईचा क्लास सोडू नका.

थेट बसलीच तर प्रश्न मात्र तयार ठेवून बसावं. शिष्यवृत्ती किती, हॉस्टेल कसं, हे प्राध्यापकाला विचारण्यात अर्थ नाही, त्याची उत्तरं संकेतस्थळावर असतात. प्राध्यापकाला विचारायचं: पहिल्या वर्षी मुलं सगळ्यात जास्त कुठे अडखळतात? गणित नेमकं कुठपर्यंत लागतं? क्षेत्रकार्याचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा? तिथे शिकणारी एखादी विद्यार्थिनी हजर असेल तर तिला विचारायचं: आठवड्यात एकूण किती तास वर्गात असतेस, आणि उरलेल्या वेळात काय करतेस? या प्रश्नांची नेमकी उत्तरं माहितीपुस्तिकेत सहसा सापडत नाहीत.

व्याख्यान कोण ठेवतंय हेही बघत चला. ब्रिटिश विद्यापीठाचा पत्ता ‘डॉट एसी डॉट यूके’ने संपतो, अमेरिकन विद्यापीठाचा ‘डॉट ईडीयू’ने. नोंदणीचा अर्ज या पत्त्यावर नसेल तर मध्ये कुणीतरी आहे असं समजा. मध्यस्थ वाईटच असतो असं नाही, पण तो तुमचा नंबर घेण्यासाठी बसलेला असतो. यासाठी वेगळा ईमेल काढा आणि फोन नंबर बंधनकारक नसेल तर देऊ नका. उन्हाळी शिबिरांच्या बाबतीतही जपा. प्रसिद्ध विद्यापीठांच्या कॉलेजांच्या खोल्या भाड्याने घेऊन खासगी कंपन्या लाखो रुपयांची शिबिरं चालवतात. जागा खरी असते, पण विद्यापीठाचा त्या शिबिराशी संबंध असेलच असं नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, पैसे. तुम्ही लिहिलंत की अजून बोललोच नाही. ताई, हे आधी करा, पुढच्या व्याख्यानाच्याही आधी. मूल एखाद्या विद्यापीठाच्या प्रेमात पडल्यावर त्याला ‘जमणार नाही’ सांगणं फार क्रूर होतं. आधी सांगितलं तर ते तुमच्याबरोबर बसून हिशेब करतं.

ढोबळ हिशेब मांडून दाखवते. विज्ञान शाखेची फी परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठागणिक खूप बदलते. समजा वर्षाला २५,००० पौंड. लंडनबाहेर राहण्याखाण्याचा खर्च १३,००० पौंड धरा. पौंड ११० रुपयांना धरला तरी वर्षाचे बेचाळीस लाखांच्या जवळपास होतात. पदवी तीन वर्षांची, म्हणजे सव्वा कोट. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार, सध्या विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तो वेगळा. विमानखर्च वेगळा. व्हिसासाठी पहिल्या वर्षाची फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण त्यातून हातखर्च निघतो, फी नाही. हे आकडे तुम्ही बँकेत असल्यामुळे माझ्यापेक्षा चांगले मांडाल. मुलीला शेजारी बसवून मांडा. मिस्टरांच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत, घराचं कर्ज किती उरलंय, हे तिला कळायला हरकत नाही. सतरा वर्षांची मुलगी हे समजू शकते.

यात तिला एक गोष्ट आवर्जून सांगा. आपल्याकडच्या मोठ्या आणि जुन्या शिष्यवृत्त्या बहुतेक पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डोमेंट कर्जशिष्यवृत्ती देतो, तो पदवीनंतर. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग मास्टर्ससाठी आहे. बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांना मिळणारी मदत मुख्यतः त्या त्या विद्यापीठाची असते आणि ब्रिटनमध्ये ती बऱ्याचदा फीच्या थोड्याच भागापुरती असते. म्हणून झेवियर्सला किंवा पुण्याला फर्ग्युसनला भूशास्त्रात पदवी करायची किंवा आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचा रस्ता धरायचा आणि मग मास्टर्सला बाहेर जायचं, हा माझ्या मते तुमच्या घरासाठी जास्त बरा मार्ग आहे. भूशास्त्रासाठी तर आणखीच, कारण दख्खनवर शिकलेली मुलगी बाहेर जाताना तिथल्या मुलांकडे नसलेलं काहीतरी घेऊन जाईल. पण तिला आत्ताच जायचं असेल, तिने विषय तपासून बघितला असेल आणि तुमचा हिशेब बसत असेल, तर मी अडवा म्हणणार नाही.

जर्मनीचं नावही घरात निघेल, म्हणून सांगून ठेवते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता अशी फी लावली आहे. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला बारा हजार युरोंच्या जवळपास रक्कम खात्यात अडकवून दाखवावी लागते. मात्र पदवीचं शिक्षण बहुतेक जर्मनमध्ये असतं, आणि आपल्या बारावीवर थेट प्रवेश सगळ्यांना मिळत नाही, मध्ये पूर्वतयारीचं वर्ष किंवा इथलं कॉलेजचं एखादं वर्ष लागतं. इथे पदवी करता करता काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकली, तर मास्टर्ससाठी तो दरवाजा उघडा राहील.

उरले ते कन्सल्टंट. पन्नास हजार भरू नका. ‘प्रोफाइल’ बांधायचं म्हणून जे सांगतात, व्याख्यानं, ऑनलाइन कोर्स, निबंध, ते सगळं मी वर लिहिलंय आणि त्याला पैसे लागत नाहीत. शिवाय ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं प्रवेश झाल्यावर एजंटला पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा कमिशन म्हणून देतात. त्यामुळे एजंट सुचवतो ती यादी त्याचे करार असलेल्या विद्यापीठांची असण्याची शक्यता असते. ‘तुम्हाला यातल्या कोणत्या विद्यापीठाकडून कमिशन मिळतं?’ हा एक प्रश्न फोनवर शांतपणे विचारून बघा. सरळ उत्तर देणारा असेल तर निदान त्याच्याशी बोलता येईल. अमेरिकेबद्दल विचारायचं असेल तर यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं एज्युकेशनयूएसए हे सल्लाकेंद्र मुंबईत आहे, ब्रिटनसाठी ब्रिटिश कौन्सिल आहे. दोघांचीही स्वतःची माहितीसत्रं असतात आणि त्यांना कुणा विद्यापीठाकडून कमिशन मिळत नाही. फोन थांबले नाहीत तर १९०९ वर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची नोंदणी करा आणि त्यांना एकदा लेखी कळवा की आमचा नंबर यादीतून काढा.

तुमची,
ताई